सुपाचा मान

"आईला हा त्रास होता का?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि अंबिकाने "नाही" म्हणून टाकलं. इतक्या चटकन म्हणून टाकलं की तिचं तिलाच खटकलं. कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर तिला एवढं कळलेलं होतं की खिडकीची काच कुणी फोडली असं वर्गात विचारलं तर निरपराध पोरं जरा थांबतात, आठवून बघतात, मग नाही म्हणतात. चटकन नाही म्हणणारा एकच असतो. पण डॉक्टरीणबाईंनी मास्तरकी केलेली नव्हती. त्यांनी मान डोलावली, हातमोजे काढून पायाने उघडायच्या डब्यात टाकले आणि पडद्यापलीकडे जाऊन नळ सोडला. अंबिका टेबलावर तशीच पडून राहिली. वर पंखा होता आणि पंख्याच्या पात्यांवर कडेकडेने धूळ होती. दादरला इतकी चांगली प्रॅक्टिस असलेल्या बाईने पंखा पुसून घ्यायला हरकत नव्हती, असा एक विचार तिच्या डोक्यात आला आणि तो विचार तिने बराच वेळ जपून ठेवला, कारण तो गेला असता तर दुसरा आला असता.

साडी सारखी करून ती खुर्चीत येऊन बसली तेव्हा डॉक्टरीणबाई सगळं नीट समजावून सांगू लागल्या. वयाने अंबिकाच्या मुलीहून, श्रेयाहून, पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. गर्भाशय आपली जागा सोडून खाली सरकलंय, मूत्राशयाची भिंतही त्याच्यासोबत थोडी आलीय. खालून ज्या स्नायूंनी नि पट्ट्यांनी हे सगळं झोळीसारखं तोलून धरायचं असतं, ते सैल पडलेत. याच्या चार पायऱ्या असतात. तुमची दुसरी आहे. म्हणजे अजून बढतीला वाव आहे, असं अंबिका मनात म्हणाली. घाबरायचं काही नाही, पुष्कळ बायकांना असतं, व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, अगदीच लागलं तर ऑपरेशन आहे. मग मध्येच त्या म्हणाल्या, "मॅडम, जरा अंगठा मनगटाकडे वाकवून दाखवता?" अंबिकाने दाखवला. अंगठा आज्ञाधारकपणे वळला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकला. "हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईचा वाकतो असा?"

आता या अंगठ्यावर अंबिकाची अर्धी कारकीर्द उभी होती. दरवर्षी आनुवंशिकतेचा धडा आला की आधी ती मटारांविषयी बोलायची. उंच मटार, बुटके मटार, सुरकुतलेले मटार. वर्ग पेंगायला लागला की ती अंगठा काढायची. "हा बघा. हा माझ्या आईचा. माझ्या मुलीचाही असाच." पोरं टाळ्या वाजवायची, मग आपापले अंगठे दाबून बघायची, एखादी मुलगी किंचाळायची, "मॅम, माझा पण!" आणि अंबिका म्हणायची, "अभिनंदन. घरच्यांचे आभार मान." एवढ्या वर्षांत किती मुलींचं अभिनंदन केलं असेल कोण जाणे. ज्या मऊपणाने अंगठा वाकतो तोच मऊपणा आत, जिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं तिथेही असू शकतो, एवढी साधी गोष्ट मटारांवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या बाईला एकदाही सुचलेली नव्हती.

"वाकतो," ती म्हणाली.

"मग आईला एकदा विचारून बघा. त्या पिढीतल्या बायका सांगत नाहीत. आणि तुमची मुलगी?"

"तिला सातवा लागलाय."

"तिला मात्र सांगाच. घाबरवायचं नाही. पण आईला असलं की मुलीला शक्यता साधारण दुपटीच्या वर धरतात. हे नशीब नाही, नुसती शक्यता आहे. तिच्या डॉक्टरांना आधीच माहीत असलं तर बरं. व्यायाम आत्तापासून करता येतात, बाळंतपणानंतर वजन उचलायची घाई करायची नाही, खोकला आणि बद्धकोष्ठ अंगावर काढायचं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर…" एवढं बोलून त्या थांबल्या. चांगल्या घरातल्या होत्या.

बाहेर रिमझिम चालू होती आणि फूटपाथवरच्या फुलवाल्यांनी प्लास्टिक ओढून घेतलं होतं. अंबिकाने छत्री उघडली. दुपारचा तास होता, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पण ती तिथेच उभी राहिली. गेले तीन आठवडे चालताना, जिना चढताना, फळ्यासमोर उभं असताना, काहीतरी खाली उतरत असल्याची ती भावना होतीच. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर तिने केव्हाच कुणालातरी सांगितलं असतं. दुखण्याला प्रतिष्ठा आहे. हे म्हणजे आपल्या घरात कुणीतरी न सांगता सामान हलवतंय तसं होतं. मग एका सकाळी आंघोळ करताना साबणाच्या हाताला ते लागलं, मऊ, ओलसर, जिभेच्या शेंड्यासारखं, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर तिचा नवरा हितेंद्र मोबाइलवर बातम्या लावून चहा पीत होता. शेअर बाजार वर गेला होता. आपलं शरीर म्हणजे आपणच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आणि आता त्यातलाच एक अवयव दाराशी येऊन बाहेर डोकावत होता, नि त्याची ओळख ती कुणाला करून देऊ शकत नव्हती. बाहेर आल्यावर हितेंद्रने विचारलं, "एवढा वेळ?" ती म्हणाली, "केस धुतले." केस कोरडे होते. हितेंद्रने पाहिलंही नाही. त्याबद्दल त्या क्षणी तिला त्याचे आभारच मानावेसे वाटले होते, आणि मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

फोन वाजला. हितेंद्रच होता. "काय म्हणाली डॉक्टर?"

"काही नाही. गॅस."

"मी म्हटलंच होतं. छोले बंद कर."

"बरं," अंबिका म्हणाली आणि समोर थांबलेल्या टॅक्सीत बसून म्हणाली, "करी रोड." कॉलेजला कळवायला हवं होतं. तिने कळवलं: आईची तब्येत. खोटं बोलताना आई किती उपयोगी पडते, हे तिला नव्याने जाणवलं.

टॅक्सीत ती बसली होती ती नेहमीसारखीच, एका बाजूला कलून, एका मांडीवर भार टाकून. हे तिला हिंदमाताच्या आसपास कळलं आणि कळल्याबरोबर तिच्या अंगावर काटा आला. कारण असं तिची आई बसायची. आठवतं तेव्हापासून सुभद्रा अशीच बसत आली होती. कॉटच्या कडेला, एका मांडीवर, जणू आत्ता उठून कुठे जायचंय. चाळीतल्या बायका चेष्टा करायच्या, "सुभद्रे, गाडी सुटता काय गो तुझी?" वडील म्हणायचे, कामाची बाई आहे, टेकायची सवय नाही तिला. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार होते आणि टेकायची सवय नसलेल्या गोष्टींविषयी त्यांना आदर होता. संपात गिरणी गेली, वडील घरी बसले आणि सुभद्रेने शेजारच्या खाणावळीत पोळ्या लाटायला नि भाताची भांडी उचलायला सुरुवात केली. भाताचं भांडं चुलीवरून उतरवताना ती एकदम स्तब्ध व्हायची, ओठ आवळून, दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, आणि मग भांडं उचलायची. लहानग्या अंबिकाला ती देवाचं नाव घेतेय असं वाटायचं. खोकला आला तरी ती तेच करायची, शिंक आली तरी तेच. इतकी भाविक आई आपल्याला लाभली, असं अंबिकाने चौथीत निबंधातही लिहिलं होतं, आणि त्याला बक्षीस मिळालं होतं.

मग नऊवारी. बाकीच्या बायका नऊवारीतून गोल पातळात गेल्या. सुभद्रा एकटी गोल पातळातून नऊवारीत परत आली. चाळिशीच्या आत. कासोटा इतका घट्ट मारायची की बघणाऱ्याला दम लागावा. वडिलांना फार आनंद झाला. आपल्या घरात तरी कोकण टिकून आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. चाळ पाडून त्या जागी टॉवर उभा राहिला आणि जुन्या भाडेकरूंना मागच्या इमारतीत घरं मिळाली. तिथल्या महिला मंडळाने एका वर्षी सुभद्रेला पारंपरिक वेशभूषेचं पहिलं बक्षीस दिलं: एक थर्मास. निवेदिका म्हणाली, आजींनी संस्कृती घट्ट धरून ठेवली आहे. अंबिकाने टाळ्या वाजवल्या होत्या. टॅक्सीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि अंबिका एकेक गोष्ट पुन्हा हातात घेऊन उलटी करून बघत होती. प्रत्येक गोष्टीची मागची बाजू एकच निघत होती.

आणि मग तिला सुपाचं भांडण आठवलं.

ते भांडण आठवावं लागत नसे. ते घरात कपाटासारखं होतं. गौरीच्या सणाला घरच्या सुना सुपं भरून गौरीपुढे ओवसा ठेवतात. त्या वर्षी गावच्या घरात लक्ष्मी काकूने, म्हणजे लवू काकाच्या बायकोने, आपलं सूप थोरल्या जावेच्या, सुभद्रेच्या, सुपाआधी पुढे केलं. अंबिका तेव्हा बाराएक वर्षांची होती आणि तिथेच बसली होती. तिला आठवत होतं ते एवढंच, की काकूच्या कडेवर पोर रडत होतं आणि सूप हातातून पडेल म्हणून तिने ते घाईने खाली ठेवलं. ठेवून ती हसलीसुद्धा. सुभद्रा काही बोलली नाही. मुंबईला आल्यावर मात्र तिने जाहीर केलं, "माझ्या सुपाचो मान काढलान. मी आता त्या घरात पाय ठेवूचंय नाय." आणि ठेवला नाही. पुढल्या वर्षी नाही, त्याच्या पुढल्या वर्षी नाही, दिराच्या पोरांच्या लग्नांना नाही, सासू गेली तेव्हासुद्धा नाही. हे पुढे सगळ्यांनी मान्य केलं. आमच्या लोकांचं एक बरं असतं: एखादी बाई आजारी आहे म्हणून येत नाही म्हटलं तर चार जण चौकशी करतात, कसला आजार, कुठे दाखवलं, किती दिवस, पण भांडण आहे म्हणून येत नाही म्हटलं की कुणी एक अक्षर विचारत नाही. भांडण हे पटण्यासारखं कारण आहे. त्याला डॉक्टरचा दाखला लागत नाही.

आणि गावाला जायचं म्हणजे काय होतं? एसटीत रात्रभर आदळत जायचं. फाट्यावर उतरून डोक्यावर बोचकं घेऊन घाटी चढायची. विहिरीवरून कळशा. खाली बसून खोबरं, खाली बसून चूल, खाली बसून पंगत; आणि परसाकडे जायचं ते पहाटेच्या अंधारात चार बायकांसोबत, गप्पा मारत. तिथे काही लपवता येत नाही.

अंबिकाने ड्रायव्हरला काच खाली करू का म्हणून विचारलं. परळच्या पुलाखाली गणपतींच्या कार्यशाळा भरल्या होत्या. अर्धवट रंगवलेल्या मोठमोठ्या मूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोऱ्यांनी आवळून उभ्या केल्या होत्या. लक्ष्मी काकू दरवर्षी मे महिन्यात फणस पाठवायची. गावाहून येणाऱ्या कुणाच्याही हाती, न चुकता, गोणत्यात बांधलेला एक कापा फणस, सोबत निरोप: वयनींका सांगा, माजा चुकला. जे चुकलेलं नव्हतं त्याची माफी ती बाई पस्तीस-चाळीस वर्षं फणसाच्या रूपाने मागत राहिली. सुभद्रा फणस ठेवून घ्यायची, कापायची, चाळभर गरे वाटायची आणि निरोपाला उत्तर द्यायची नाही. दोघी जावा एका वर्षात लग्न होऊन त्या घरात आल्या होत्या. जुन्या फोटोत दोघींनी एकाच आरशात बघून कुंकू लावल्यासारखं दिसतं. काकू गेल्या हिवाळ्यात वारली. या मे महिन्यात फणस आला नाही. आईने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, फक्त महिनाभर ती दाराची बेल वाजली की स्वतः उठून दार उघडायची, एवढं अंबिकाच्या आता लक्षात येत होतं.

करी रोडच्या अलीकडच्या सिग्नलला टॅक्सी थांबली आणि अंबिकाच्या मनात आणखी एक गोष्ट, मागून येऊन खांद्यावर हात ठेवावा तशी, येऊन उभी राहिली. येत्या रविवारी श्रेयाचं डोहाळजेवण होतं. आणि अंबिका त्याला जाणार नव्हती. विहीणबाईंशी तिचं वाजलं होतं. विहीणबाईंना डोहाळजेवण गिरगावातल्या त्यांच्या जुन्या घरीच करायचं होतं: तिसरा मजला, लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाला संडास, बैठक सतरंजीवर. अंबिकाने दादरला लिफ्टचा हॉल सुचवला. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे घरी करायची पद्धत आहे. अंबिका म्हणाली, म्हणजे आमच्या पद्धतीला काही किंमतच नाही. हे वाक्य बोलताना तिला किती बरं वाटलं होतं! आपला स्वाभिमान शाबूत आहे असं वाटलं होतं. श्रेया फोनवर रडली, जावई विनीतने मध्यस्थी करून पाहिली, हितेंद्र म्हणाला, जाऊ दे ना, एक दिवसाचा प्रश्न आहे. पण ती हटली नाही. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तीन आठवडे. तिने ते भांडण रचलं नव्हतं. ते तिला खरंच वाटलं होतं, अजूनही छातीत गरम होतं. बहुधा आईलाही तिचं भांडण खरंच वाटलं असणार. अंगठा, मऊ पट्ट्या, एका मांडीवर बसणं, आणि आता हेही. वर्गात शिकवताना ती नेहमी बजावायची की शिकलेल्या सवयी वारशाने उतरत नाहीत. परीक्षेत यावर दोन मार्कांचा प्रश्न असतो.

सुभद्रेने दार उघडलं ते आवाज चढवून ठेवलेल्या टीव्हीसकट. "आज कशी गो? कॉलेज नाय?"

"सुट्टी घेतली."

"जेवलंस?"

"नाही."

"मग बस. सोलकढी हा, आणि सुके बांगडे." ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली, सत्त्याहत्तरीची, वाळकी, कासोटा तसाच घट्ट. अंबिका कॉटच्या कडेला बसली आणि मुद्दाम दोन्ही मांड्यांवर सरळ बसून पाहिलं. जमलं नाही. ती कलली. आई ताट घेऊन आली, ताट टेबलावर ठेवलं आणि कॉटच्या दुसऱ्या टोकाला बसली, विरुद्ध बाजूला कलून. त्यांच्या मधोमध दोन माणसं मावतील एवढी जागा होती. टीव्हीवर कुणाची तरी सून कुणाच्या तरी सासूला विष देत होती.

"आई, डॉक्टरकडे जाऊन आले."

"काय झाला?"

अंबिकाने जीवशास्त्रातले शब्द तयार ठेवले होते. ते सगळे चांगल्या मापाचे, धुतलेले, संस्कृतातून आलेले शब्द होते आणि त्यांतला एकही या खोलीत उच्चारण्याजोगा नव्हता. ती म्हणाली, "अंग बाहेर येतंय माझं."

सुभद्रेने रिमोट उचलला आणि आवाज आणखी वाढवला. भिंतीपलीकडे शेजारी होते. "कोण म्हणाला?" तिने पडद्याकडे बघत विचारलं, जणू कुणी चहाडी केली होती.

"डॉक्टर म्हणाली. तिने विचारलं, आईला होतं का."

"मग तू काय सांगलंस?"

"नाही म्हटलं."

"बरा केलंस."

"आई."

"बांगडो थंड होता."

"तुला होतं ना? आहे ना?"

सुभद्रा उठली, ओट्यापाशी गेली, नसलेलं काहीतरी पुसलं आणि परत येऊन बसली. "तू झालंस तेव्हाच सुरू झाला," ती म्हणाली. "नऊ पौंडाचा पोर. सगळे येऊन येऊन बघीत होते. तुझो बापूस पेढे वाटीत होतो, वजन सांगीत होतो." हे वजन घरातल्या प्रत्येक कार्याला सांगितलं जायचं, अंबिकाच्या लग्नातसुद्धा काकांनी ते माइकवरून सांगितलं होतं. "मग भांडी उचलूची लागली, तशी वाढला. एकदा हास्पिटलात दाखवलंय. म्हणाले, पिशवी काढूक व्हयी, महिनोभर झोपून रव्हाचा. संप चाललेलो. महिनोभर कोण झोपतला?"

"आणि बाबांना?"

"पुरुषांका काय सांगतंस."

"काकूला तरी सांगायचंस. लक्ष्मी काकूला."

टीव्हीवर जाहिराती लागल्या. "तेका सांगणार होतंय," ती मग म्हणाली, अगदी हळू, इतकं हळू की टीव्हीच्या आवाजात ते ऐकायला अंबिकाला मधली जागा ओलांडून सरकावं लागलं. "त्याच वर्षी. गौरीच्या दिवशी सांगूचा ठरवलेलंय. पण घर भरलेला. मग तेणा सूप ठेवल्यान, आणि माका… माका बरा वाटला गो. म्हटला, चला, आता येवक नको. मागाहून वाटला, एखाद वर्षान् मिटवूया. मग लोकांनीच ता मोठा केल्यानी. हे म्हणतत, बरोबर केलंस सुभद्रे. ते म्हणतत, मान महत्त्वाचो. मग मिटवूक कारण सांगूचा लागला असता." तिने पदराने ओठ पुसले. "फणस गोड असायचो तेचो. गळ्याखाली उतरायचो नाय. म्हणान वाटून टाकायचंय."

आईचं दुःख नेमकं कुठे हात लावलं तर दुखेल हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती आईला भांडखोर समजत आली होती आणि भांडखोर माणसाला कुणी जवळ घेत नाही. "चाळ पाडायच्या वेळी तू पहिली सही केलीस," ती म्हणाली. "सगळे तुला बिल्डरची माणूस म्हणत होते."

"कमोड देणार म्हणाले," सुभद्रा म्हणाली. "म्हणूंदेत."

अंबिका हसली. हसताना खाली ओढ लागली, तशी तिने पाय आवळले. आणि तिने पाहिलं की आईही हसतेय आणि आईनेही पाय आवळले आहेत. दोघी एकमेकींच्या पायांकडे बघत होत्या. मग दोघींनी नजर काढून घेतली.

बांगडा खाऊन, हात धुऊन अंबिकाने फोन हातात घेतला. काय बोलायचं ते ठरवायची गरज नव्हती. हॉलच्या भांडणाविषयी बोलत राहायची सोय अजूनही होती. रविवार उलटून गेला असता. मग बारसं आलं असतं, आणि बारशालाही जिना तोच होता. नातवंड मोठं होताना ती वडाळ्याच्या त्यांच्या घरी वाढदिवसाला काहीतरी पाठवत राहिली असती, कुणाच्या तरी हाती. आणि श्रेया बाळंतपणानंतर महिन्याभरात वाण्याकडून पिशव्या उचलून आणत असती, आणि एका सकाळी तिच्या साबणाच्या हाताला काहीतरी लागलं असतं, आणि तिनेही कोरड्या केसांनी बाहेर येऊन सांगितलं असतं, केस धुतले.

तिने फोन लावला. "श्रेया, बोलता येईल का?"

"मम्मा, परत हॉलचं असेल ना, तर प्लीज. मला खरंच नाही झेपत आता. आईंचं सगळ्यांना सांगून झालंय."

"हॉलचं नाही. हॉलचं खोटं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला जिना चढवत नाही. खाली बसवत नाही." अंबिकाने भिंतीकडे तोंड केलं. "माझं अंग बाहेर येतंय. गर्भाशय खाली सरकलंय. आज डॉक्टरकडे गेले होते. आजीलाही आहे, कधीपासूनचं, तिने कुणाला सांगितलं नाही. आणि तुझाही अंगठा तसाच वाकतो. तुला होईलच असं नाही, ऐकतेयस ना, होईलच असं नाही. पण तुझ्या डॉक्टरांना सांग, आणि ते व्यायाम सांगतील ते कर. मला कुणी सांगितलं नव्हतं."

पलीकडे काहीच आवाज नव्हता. खोलीतही नव्हता, हे अंबिकाच्या उशिरा लक्षात आलं. तिने वळून पाहिलं. सुभद्रेने रिमोट दोन्ही हातांत धरला होता आणि टीव्ही पार बंद केला होता. भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. म्हणजे भिंतीपलीकडेही सगळं ऐकू गेलं असणार.

"मम्मा," श्रेया म्हणाली, "तू एवढे दिवस माझ्याशी यासाठी भांडत होतीस?"

"हो."

"वेडी आहेस का गं तू?" तिचा आवाज रडका झाला होता, की रागाचा, ते कळत नव्हतं. "दुखतं का? आणि आजीला? आजी आहे तिथे? दे तिला."

अंबिकाने फोन पुढे केला. सुभद्रेने तो कानाला उलटा लावला, मग सुलटा. "काय गो," ती ओरडून म्हणाली, कारण वडाळा लांब होता. पलीकडून श्रेया काहीतरी विचारत होती. सुभद्रा ऐकत राहिली. नातीचा एक प्रश्न, मग दुसरा, मग तिसरा. आजच्या दिवसापर्यंत घरातल्या कुणी या बाबतीत तिला एकही प्रश्न विचारलेला नव्हता आणि ती प्रत्येकाला नुसती मान हलवत होती, फोनवर मान हललेली दिसत नाही हे विसरून.

"दुखत नाय," ती शेवटी म्हणाली. "दुखलाच नाय कधी. नुसता एकटा वाटायचा." मग घसा साफ केला, पाय आवळून खोकली. "ऐक. तुझ्या सासूक सांग. रविवारी मी येतंय. जिनो हळू चढान. मधी बसान, मग चढान. पण सतरंजी माका चलाची नाय, खुर्ची ठेव म्हणाव."

तिने फोन कानापासून थोडा दूर धरला आणि अंबिकाकडे पाहिलं. लेकीचं एका बाजूला कललेलं अंग, आवळलेले पाय.

"दोन ठेव," ती फोनमध्ये म्हणाली.